दंडाची वही

शताब्दीच्या स्मरणिकेसाठी
समितीने मागितलाय शाळेचा इतिहास.
दोन पानांत, फोटोंसकट.
"मॅडम, थोडं प्रेरणादायी असू द्या."

कपाट उघडलं.
दार फुगलेलं आहे, गुडघा लावावा लागतो,
हे मी चौतीस वर्षांत
तीन हेडमास्तरांना शिकवलं.
आत दाखल-खारिजची रजिस्टरं,
वाळवीने अर्धी वाचून सोडलेली,
एक पृथ्वीगोल, त्यावर ब्रह्मदेश अजून आपल्यालाच चिकटलेला,
आणि तळाशी, लाल खारव्यात बांधलेली
ही वही.

पहिल्या पानावर खासगीवाले हेडमास्तरांचं
वळणदार इंग्रजी:
शाळेच्या आवारात देशी भाषा बोलल्यास
दर वाक्याला एक पैसा.

मग नावं.

तोफखाने, रमाकांत. एक पैसा.
पायात खिळा गेला तेव्हा "आई गं" म्हणाला.
हातिमअली, सियागंजवाला. दोन पैसे. गुजराती.
गेंदालाल. एक पैसा. माळवी.
पुढे शेरा: वाक्य एकच, पण फार लांब.
तोफखाने पुन्हा. तोफखाने पुन्हा.
(हा पुढे वकील झाला असणार.)
फणसे, अनसूया, त्या साली वर्गात एकटी मुलगी:
वर्षभरात दंड निरंक.

वर्षभरात ती बोललीच नसेल.
त्या रकान्यावर बोट ठेवून
मी बराच वेळ बसले. चहा गार झाला.

तेव्हा शाळेला घंटा नव्हती.
मिलचा भोंगा झाला की प्रार्थना,
भोंगा झाला की सुट्टी.
एकाच आवाजाला बाप खात्यात शिरायचा
आणि पोरगा व्याकरणात.
संपाच्या सालात सहा दिवस भोंगा वाजला नाही,
तेव्हा भूगोलाचा तास म्हणे
कंदील आणेपर्यंत चालला होता.
आता मिलच्या जागी उंच इमारती आहेत,
तिथली मुलं आमच्याकडेच येतात, पिवळ्या बसने.

वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब.
एकूण जमा: रुपये एकोणतीस, आणे अकरा.
खर्च: कसेरा बाजारातून
काशाची घंटा, एक. टोल्यासह.
शिल्लक: काही नाही.

रुपयाचे चौसष्ट पैसे. मी मोबाइलवर मांडून पाहिलं,
मग खात्री नको म्हणून कागदावर.
एकोणीसशे वाक्यं.

एकोणीसशे वाक्यं ओतून केलेली घंटा
पोर्चमध्ये अजून टांगलेली आहे, काठाला बारीक चीर.
माझी सगळी नोकरी तिने मोजली,
आणि मला वाटायचं, ही नुसती वाजते.

मीही दंड घेतलेत, लपवत नाही.
नववी ब. वाक्याला आठ आणे.
"इंग्लिश, प्लीज," म्हणत खडूच्या डब्यात गोळा करायचे.
त्यातून काय आणलं, आठवत नाही.
डस्टर असेल.

समितीला लिहून दिलं:
स्थापना, निकालाची टक्केवारी, दोन रणजीपटू,
आणि एक ओळ,
"शाळेची ऐतिहासिक घंटा
विद्यार्थ्यांच्या योगदानातून उभी राहिली."
समितीला ती ओळ फार आवडली. ठळक करणार आहेत.

तिसऱ्या तासाला लाईट गेली.
इलेक्ट्रिक बेल मुकी.
शिपाई प्रकाश टोला शोधत आला, "मॅडम, सरकना जरा,"
आणि त्याने घंटा दिली.
पोरं बाहेर सांडली,
अबे, अरे, यार, मॅम बघतायत ना, चल ना बे,
एका वाक्यात तीन भाषा, कुणाच्या खिशाला झळ नाही.
मी मात्र घंटेकडे कान लावून होते.
गेंदालालचं लांबलचक वाक्य त्यात असेल,
हातिमअलीची दोन, तोफखान्याची तर किती.
अनसूयेचं एकही नाही.

वही पुन्हा खारव्यात बांधली.
कपाट लावताना दार गुडघ्यावर आपटलं,
आणि तोंडातून निघायचं तेच निघालं.

एक पैसा.